पोवळ्याला हात लावू नका!

शुक्रवारी रात्री शीळफाट्याच्या कोंडीत अडकलेल्या गाड्यांत एखादी तरी मालवणला निघालेली असते. सकाळी तारकर्लीला घावणे, मग स्कूबा. कोंडीत तास गेला तरी चालेल, पण पाण्यात उतरण्याआधीच्या पाच मिनिटांच्या सूचना नीट ऐका.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तळाशी खडकासारखं दिसणारं प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि यजमानाला भरवतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरं पडतं. वर चिकट द्रवाचा पातळ थर असतो, तेच त्याचं कवच. आपल्या बोटाने ते पुसलं जातं, जंतूंना वाट मिळते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. फिनच्या एका फटक्यात पंचवीस वर्षं तुटतात.

त्यामुळे पाय तळावर टेकवायचे नाहीत. उडालेली वाळूही प्रवाळाला गुदमरवते. नवख्याला तरंगणं जमत नाही, म्हणून प्रशिक्षक मागून सिलिंडर धरतो. त्याला धरू द्या.

फोटोसाठी माशांना बिस्किटं चारणं मला सर्वांत खटकतं. प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाणं हे काही माशांचं रोजचं काम. त्यांना पार्ले-जीची सवय कशाला? आणि तुटलेला तुकडाही खिशात घालू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाच्याच पंक्तीला बसवलंय.