दूरच्या प्रवासापूर्वी जुनी जीप

वर्धा जिल्ह्यातील जाम आणि हिंगणघाट या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 उत्तरेस श्रीनगरला आणि दक्षिणेस कन्याकुमारीला पोचतो. साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा, देशातील सर्वांत लांब असा हा मार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जात असल्यामुळे, ज्या गृहस्थाच्या अंगणात जुनी जीप उभी आहे त्याच्या मनात त्या मार्गाने हिमालयापर्यंत जाऊन येण्याची इच्छा उत्पन्न झाली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. मात्र अशा प्रवासाची तयारी म्हणजे टपावर कॅरिअर, पुढे मोठे दिवे आणि मागे डब्यांची रांग, असा जो समज अलीकडे रूढ होत चालला आहे, तो दूर करणे अगत्याचे वाटते.

जीपचे खरे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी ही गाडी लाखोंच्या संख्येने तयार केली. युद्ध संपल्यावर, 1945 साली स्थापन झालेल्या आणि 1948 पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने 1947 पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभली. 1985 साली आलेल्या एमएम 540 या जीपमध्ये प्यूजो घडणीचे 2,112 घनसेंटिमीटरचे, सुमारे 62 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. पोलादी चेसिस, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि यांत्रिक डिझेल पंप, एवढ्यावर चालणारी ही गाडी तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजात उघडता येते आणि पुन्हा जोडता येते. ग्रामोद्योगांचा गौरव करणाऱ्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन ज्या वर्ध्यात 1938 साली गांधीजींच्या हस्ते झाले, तेथील माणसाला गावच्या कारागिराच्या हाती राहणाऱ्या यंत्राची महती वेगळी सांगावयास नको. म्हणून तयारीचे पहिले सूत्र असे की, जीपचा हा गुण नष्ट होईल अशी कोणतीही नवी जोडणी तिच्यावर लादू नये.

वय हा अशा प्रवासाला अडसर होत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या सहा विद्यार्थ्यांनी 1955 च्या सप्टेंबरात दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडन सोडले आणि 1956 च्या मार्चमध्ये सिंगापूर गाठले. त्यांतील ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे दुरुस्त होऊन, चौसष्ट वर्षांची असताना, 2019 च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरहून निघाली आणि डिसेंबरात लंडनला पोचली. जुने यंत्र निकामी होते ते केवळ वर्षांनी नव्हे, उपेक्षेने होते.

तपासणीचा आरंभ चेसिसपासून करावा. आपल्या जिल्ह्याची काळी माती पावसाळ्यात गाडीच्या तळाला चिकटते आणि दीर्घकाळ ओल धरून ठेवते. तिच्या थराखाली पोलाद गंजत असते आणि वरून काही दिसत नाही. यासाठी गाडी आधी तळापासून स्वच्छ धुऊन घ्यावी, आणि पाटे जेथे चेसिसला टांगलेले असतात ते ब्रॅकेट, आडवे दांडे व जुन्या वेल्डिंगच्या जागा हातोडीने ठोकून पाहाव्यात. जेथे खणखणीत नाद उमटण्याऐवजी बोदा आवाज येतो किंवा पत्रा दबतो, तेथे प्रथम दुरुस्ती करावी. पाट्यांपैकी मुख्य पाट्याला तडा आहे काय, शॅकलचे बुश झिजले आहेत काय, यू-बोल्ट घट्ट आहेत काय, हेही त्याच वेळी पाहावे.

त्यानंतर इंजिन थंड राखण्याच्या व्यवस्थेकडे वळावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा रेडिएटरची परीक्षा घरीच होते. परंतु उंचीवरचे संकट निराळे असते. वर्धा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, तर लडाखमधील खारदुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 83 अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून हा उत्कलनबिंदू वर नेते. त्या झाकणाची स्प्रिंग सैल पडली असेल तर बाकी सर्व निर्दोष असूनही गाडी चढावर उकळते. म्हणून झाकण, होज पाइप, फॅन बेल्ट आणि थर्मोस्टॅट या किरकोळ किमतीच्या वस्तू नव्या बसवाव्यात. विरळ हवेत प्राणवायू कमी आणि डिझेल मात्र पूर्ववत, यामुळे जुने इंजिन काळा धूर सोडते व त्याची शक्ती घटते. अशा वेळी इंजिन बिघडले असे मानून वाटेत पंप खोलण्यापेक्षा खालचा गिअर घालून सावकाश चढावे.

सर्वांत अधिक कसोटी ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 140 अंशांच्या आसपास उतरू शकते, आणि लांब उतारावर तापलेल्या ड्रममुळे ते उकळले की पेडल खाली बसते व गाडी थांबत नाही. मास्टर सिलिंडर व चाकांतील सिलिंडर तपासून नवे ऑइल भरावे आणि उतारावर, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरण्याचा परिपाठ ठेवावा. चारही टायर एकाच मापाचे असावेत. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात, ते वाचूनच जुने टायर काढून टाकावेत. चारही चाकांना शक्ती देणारा फोर बाय फोर गिअर कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि तो ताण ट्रान्स्फर केसवर पडतो.

सामानाविषयी मितव्यय हाच नियम. विनोबाजी 12 सप्टेंबर 1951 रोजी पवनारहून दिल्लीला पायी निघाले, ही या मातीतील गोष्ट सामान बांधताना स्मरणात ठेवावी. फॅन बेल्ट, होज, फिल्टर, क्लचप्लेट, चाकाचे बेअरिंग, फ्यूज व बल्ब, पान्हे, टामी, जॅक, स्टेपनी आणि माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, एवढ्यात बहुतेक गरजा भागतात. जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये आणि खाली ठेवाव्यात. टपावर लादलेले वजन वळणावर गाडी उलटवते.

कागदपत्रांचा बंदोबस्तही तितकाच जरुरीचा आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपल्यावर वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात तपासणीस रुजू करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पूर्वी इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद दप्तरी असल्याची खात्री करावी. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि महामार्ग 44 दिल्लीवरून जातो, म्हणून तेथील चालू नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. परदेशी जायचे असेल तर लागणारे कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती जकातीविना नेण्याचे पत्र, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते.

अखेरीस, संपूर्ण सामान भरून एक चाचणी प्रवास करावा. वर्ध्याहून आर्वी, तळेगाव, कारंजा घाडगे अशी फेरी केल्यास गळती आणि सैल नट उघडे पडतात. परंतु आपल्या जिल्ह्यात लांब घाट नाही, तेव्हा अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचा घाट चढून उतरल्याशिवाय ब्रेकची परीक्षा पुरी झाली असे मानू नये. मिस्त्री गाडी खोलतो तेव्हा मालकाने शेजारी बसून प्रत्येक भाग ओळखून घ्यावा, कारण ओसाड रस्त्यावर हाताशी तेवढीच विद्या राहते. आणि हे सर्व करूनही चेसिस वा ब्रेक यांविषयी मिस्त्रीच्या मनात शंका उरली, तर प्रस्थानाची तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा मानू नये. त्या रस्त्यावर आपल्या प्राणांबरोबर इतरांचेही प्राण आपल्या स्वाधीन असतात.