हवेत काढलेली रेघ वाकडी का येते?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सहसा दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. दोष नाचणाऱ्याचाच, अंगणाचा नाही, हे त्यात आधीच ठरलेले असते. ‘ओकामी’ नावाच्या एका देखण्या जपानी व्हिडिओ गेमवरून खेळाडूंमध्ये जो वाद झाला, तो थेट या म्हणीचाच होता. एक गट म्हणत होता, या खेळाची हात हलवून खेळण्याची पद्धतच सदोष आहे. दुसरा गट म्हणत होता, पद्धत उत्तम आहे, तुम्हालाच ती जमत नाही. वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर दोन्ही गट आपापल्या हाताबद्दल खरे बोलत होते.

‘ओकामी’ 2006 साली प्लेस्टेशन 2 या यंत्रावर आला. हिदेकी कामिया हे त्याचे दिग्दर्शक आणि कॅपकॉम ही प्रकाशक कंपनी. जपानी भाषेत ‘ओकामी’ या उच्चाराचे दोन अर्थ होतात, लांडगा आणि थोर देवता. खेळाची नायिका आहे सूर्यदेवता अमातेरासू, आणि ती वावरते पांढऱ्या लांडग्याच्या रूपात. सगळे दृश्य जपानी शाईचित्रांसारखे आणि जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखे रंगवलेले आहे. खेळाची खरी गंमत मात्र कुंचल्यात आहे. एक बटण दाबले की पडद्यावरचे जग जागच्या जागी थांबते, त्याचा जणू कागद होतो आणि खेळाडूने त्यावर चित्र काढायचे असते. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. वठलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की ते बहरते. शत्रूवरून आडवी रेघ ओढली की त्याचे दोन तुकडे होतात.

मूळ खेळात हा कुंचला अंगठ्याने, छोट्या दांडीने फिरवावा लागे. 2008 साली हाच खेळ निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या यंत्रावर आला. ‘वी’चा रिमोट हातात धरून हवेत हलवायचा असतो. त्यातला एक संवेदक हाताचा झटका ओळखतो आणि पुढच्या टोकाचा छोटा अवरक्त कॅमेरा टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीवरचे दिवे पाहून रिमोट कुठे रोखला आहे ते ठरवतो. कुंचल्याच्या खेळाला कुंचल्यासारखेच साधन मिळाले, आता सोन्याला सुगंध आला, असे अनेकांना वाटले.

प्रत्यक्षात मते फाटली. खेळाच्या सौंदर्याबद्दल फारसा वाद नव्हता. काहींच्या मते हवेत हात फिरवून सूर्य उगवणे हा खेळाचा परमोच्च आनंद होता आणि अंगठ्याच्या दांडीकडे परत जाणे अशक्य होते. इतरांची तक्रार होती, की सरळ रेघ सरळ येतच नाही, वर्तुळ अर्धवट राहते आणि काढलेली खूण खेळाला ओळखू येत नाही. लढाईत वार करण्यासाठी रिमोट झटकावा लागे आणि चुकवण्यासाठी दुसऱ्या हातातला जोडरिमोट हलवावा लागे. घाईघाईने झटकले की वार बसत नसत, ठेका सांभाळून झटकले तर बसत. ठरावीक बिंदूंवर नेमके ठिपके द्यायचे किंवा वेळेच्या मर्यादेत भराभर रेघा ओढायच्या, अशा प्रसंगांनी तर अनेकांना घाम फोडला.

हाताला टेकू हवा

कागदावर लिहिताना आपला हात अधांतरी नसतो. मनगट आणि करंगळीची कड कागदावर टेकलेली असते आणि कागदाचे किंचित घर्षण लेखणीला आवर घालते. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर बारीक अक्षरांसाठी हाताखाली काठीचा आधार घेतो, तोही याच कारणाने. रिमोट हवेत धरला की हे सगळे टेकू निघून जातात. मग खांदा, कोपर आणि मनगट या तिन्ही सांध्यांतल्या बारीक चुका एकत्र होऊन टोकाशी पोचतात.

त्यात अंतराची भर पडते. हातात टॉर्च धरून 2 मीटरवरच्या भिंतीवर झोत टाका. मनगट अवघे 1 अंश वळले तरी झोत सुमारे साडेतीन सेंटीमीटर सरकतो. दूरच्या पडद्याकडे काहीही रोखून धरताना हाताची छोटी हालचाल अशीच मोठी होऊन दिसते.

शिवाय प्रत्येक निरोगी माणसाचा हात थोडासा थरथरतोच. सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा होणारे हे सूक्ष्म कंपन एरवी डोळ्यांना दिसत नाही. थकवा, भीती, अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, दम्यासाठी घेतले जाणारे सालब्युटामोलसारखे औषध किंवा थायरॉइडचा अतिरेक यांनी ते वाढते. म्हणजे एकच रिमोट, एकच पडदा आणि एकच खेळ असूनही दोन खेळाडूंच्या हातांत ‘कुंचला’ वेगळा असतो.

वेगाचेही असेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 साली एक नियम मांडला. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे हात पोचवायला जास्त वेळ लागतो. घाई केली की नेम बिघडतो. हे आळसाचे लक्षण नव्हे, माणसाच्या चेतासंस्थेची ती मर्यादाच आहे. लहान ठिपका आणि थोडा वेळ अशी दुहेरी अट घातली, की उत्तम खेळाडूचाही हात चुकू लागतो.

लढाईतल्या झटक्यांचा प्रश्न आणखी वेगळा. बटण दाबताना अंगठा काही मिलिमीटरच हलतो. झटका देताना मात्र हाताचे वजन आधी पुढे न्यावे लागते, मग विरुद्ध बाजूच्या स्नायूंनी ते थांबवावे लागते आणि पुन्हा मागे आणावे लागते. ज्यांनी लोहाराच्या घणासारखा एक ठेका धरला, त्यांचे वार बसले. ज्यांनी पंख्याने वारा घालावा तसा हात हलवला, त्यांचे निसटले.

सरावाने काय सुधारते?

सुरुवातीला वैतागलेल्या अनेक खेळाडूंना काही तासांनी हात बसल्याचे जाणवले. यात नवल नाही. मेंदूच्या मागच्या भागातला लहान मेंदू प्रत्येक हालचालीनंतर ‘हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला’ याचा हिशोब करतो आणि पुढच्या वेळी दुरुस्ती करतो. सायकल, पोहणे, पोळी गोल लाटणे हे सगळे याच हिशोबाने येते. त्यामुळे पहिल्या तासाभरात दिलेले मत आणि वीस तास खेळून दिलेले मत यांत फरक पडणारच.

पण सरावाला मर्यादा आहे. खांदा आखडलेला असेल, संधिवाताने बोटे दुखत असतील, अर्धांगवायूनंतर हातात जोर कमी असेल, तर ‘सराव करा, जमेल’ हा सल्ला अपुरा पडतो. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा माणसासाठी अंगण खरोखरच वाकडे असते. ‘वी’वरच्या ‘ओकामी’त एक बटण धरून ठेवले की रेघ आपोआप सरळ येण्याची सोय होती. ती माहीत नसल्याने कित्येक जण उगाच झगडत राहिले. ही सोय म्हणजे पेंटरच्या हाताखालची काठीच. पुढे हा खेळ इतर यंत्रांवरही आला आणि 2018 साली निन्टेन्डो स्विचवर तर थेट पडद्यावर बोटाने चित्र काढण्याची सोय झाली. एकाच कामासाठी दोन-तीन मार्ग ठेवणे हेच यावरचे खरे उत्तर आहे.

खेळातून दुखणे, खेळातून व्यायाम

व्हिडिओ गेममुळे होणारे दुखणे वैद्यकाला नवे नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात 1990 साली एका 35 वर्षांच्या महिलेची नोंद आली. सलग 5 तास खेळून तिचा अंगठा दुखावला होता. त्याच नियतकालिकात 2007 साली 29 वर्षांच्या एका निवासी डॉक्टरची नोंद आली. ‘वी’वर कित्येक तास टेनिस खेळल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा खांदा इतका दुखू लागला, की खांद्यामागच्या स्नायूच्या शिरेला सूज असल्याचे निदान झाले. खऱ्या मैदानात दम लागतो, मग माणूस आपोआप थांबतो. दिवाणखान्यात दम लागत नाही, म्हणून खांदा थकल्याचे कळतच नाही. रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळण्याचे प्रकारही घडले आणि 2006 च्या डिसेंबरात कंपनीने 32 लाख मनगटपट्टे बदलून देण्याची घोषणा केली.

मग निदान व्यायाम तरी होतो का? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2007 साली आलेल्या छोट्या अभ्यासात 13 ते 15 वर्षांच्या मुलांची ऊर्जा मोजली गेली. ‘वी’चे क्रीडाप्रकार खेळताना बसून खेळायच्या गेमपेक्षा जास्त ऊर्जा खर्च झाली. पण तोच खेळ मैदानात खेळताना लागते तितकी नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकातल्या 2012 च्या अभ्यासात 9 ते 12 वर्षांच्या मुलांना ‘वी’ आणि हालचालीचे गेम घरी दिले गेले. 13 आठवड्यांत त्यांची एकूण शारीरिक हालचाल, बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा वाढली नाही. तात्पर्य, असा गेम मैदानाची जागा घेत नाही.

उपचार म्हणून उपयोग?

अर्धांगवायूनंतर हात पुन्हा चालता करण्यासाठी ‘वी’ वापरून पाहिला गेला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतल्या 141 रुग्णांवरचा अभ्यास 2016 साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला ‘वी’वर खेळायला दिले, तर दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचे मनोरे असे साधे खेळ. दोन आठवड्यांत प्रत्येकी एक तासाची 10 सत्रे झाली. दोन्ही गट सुधारले आणि ‘वी’चा गट काही पुढे गेला नाही. ज्या घरात महागडे यंत्र नाही, त्या घरासाठी ही आनंदाची बातमी आहे. पत्त्यांचा जोड आणि आजीचा सोंगट्यांचा डबा यांनाही हाताच्या व्यायामात मान आहे. हाताला अर्थपूर्ण काम मिळणे आणि ते पुन्हा पुन्हा करावेसे वाटणे महत्त्वाचे. सुंदर खेळाचा फायदा असेल तर तो इथे: ज्याला सूर्य उगवताना पाहायचा आहे, तो वर्तुळ दहाव्यांदाही काढतो.

दोष रिमोटला देऊ नये तेव्हा

नाण्याची दुसरी बाजूही आहे. मेंदूविकाराचे डॉक्टर रुग्णाला कागदावर चकलीसारखे वेटोळे काढायला सांगतात. त्या रेघेतल्या कंपनावरून त्यांना बरेच काही कळते. हात पुढे ताणून धरल्यावर वाढणारे कंपन आणि हात मांडीवर निवांत असताना दिसणारे कंपन यांची कारणे वेगळी असतात. दुसरा प्रकार पार्किन्सनच्या आजारात आढळतो. गेम ही काही तपासणी नव्हे आणि पडद्यावरच्या वाकड्या रेघेवरून कुणी निदान करू नये. पण जो हात कालपर्यंत व्यवस्थित चालत होता, तो काही आठवड्यांत अडखळू लागला, अक्षर बारीक होऊ लागले, कपातला चहा हिंदकळू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे. मेंदूतली गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

बाकी निरोगी माणसाने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. कोपर अंगाजवळ ठेवावे, जमल्यास खुर्चीच्या हातावर किंवा मांडीवर टेकवावे. रेघ मनगटाने ओढावी, पूर्ण हात फिरवू नये. अर्ध्या-पाऊण तासाने उठून हात सैल सोडावा आणि दूरवर नजर टाकावी. मनगटाचा पट्टा बांधूनच खेळावे. दुखू लागले की थांबावे. दुखणे दोन-तीन दिवसांत उतरले नाही किंवा हात डोक्यावर नेता येईना, तर अंगावर काढू नये. खेळाच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची किंवा बटणांची सोय असेल तर ती जरूर वापरावी, त्यात कमीपणा नाही.

मुलाला किंवा घरातल्या वडीलधाऱ्याला असा गेम जमत नसेल, तर ‘तुला येतच नाही’ असे म्हणण्याआधी तो कसा बसला आहे, हात कुठे टेकला आहे, टीव्ही किती लांब आहे हे पाहावे. अनेकदा खुर्ची हातभर पुढे ओढली तरी रेघ सरळ येते. आणि नाहीच आली, तर बटणांनी खेळावे. पडद्यावरचा सूर्य तसाही उगवतो.