विश्लेषण : लेखिकांसाठीचा पुरस्कार नाट्यसंस्थांना का?

नाटक लिहिते लेखिका. ते हंगामाच्या यादीत घ्यायचे की नाही, हे ठरवते नाट्यसंस्था. म्हणूनच ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर विमेन प्लेराइट्स’ने २०१२ मध्ये सुरू केलेला ‘५०/५० अप्लॉज’ पुरस्कार नाट्यसंस्थांना दिला जातो. अट सरळ : हंगामातील किमान निम्मी नाटके स्त्रियांनी लिहिलेली हवीत. एखादे चवीपुरते घेऊन भागत नाही.

हा आग्रह का, हे पुढे आकड्यांतूनच दिसले. अमेरिकेतील प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या २०११ ते २०१४ या तीन हंगामांत लेखिकांचा वाटा अवघा २२ टक्के होता. ‘संहिताच नाहीत’ ही नेहमीची सबब. तीही टिकली नाही. ‘द किलरॉइज’ या लॉस एंजेलिसमधील गटाने २०१४ मध्ये स्त्री व ट्रान्स नाटककारांच्या, फारसे प्रयोग न झालेल्या ४६ नाटकांची यादीच प्रसिद्ध केली.