तिघांचा देव एकच?

डिसेंबर २०१५. अमेरिकेतल्या व्हीटन या ख्रिस्ती महाविद्यालयाच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी फेसबुकवर लिहिलं, ‘मुस्लिम आणि ख्रिस्ती एकाच देवाला भजतात.’ त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. पुढे नोकरीही सुटली.

कॅथलिक चर्चने मात्र हेच १९६४ साली ‘लुमेन जेन्तियुम’ या दस्तऐवजात अधिकृतपणे मान्य केलं होतं!

त्याहून विलक्षण निवाडा बाराव्या शतकातला. कैरोतले ज्यू धर्मपंडित आणि वैद्य मायमोनिडीस यांनी मुस्लिमांना निखळ एकेश्वरवादी ठरवलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांना ही मान्यता नाकारली. अब्राहमला ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम असे तिघेही मानतात. घोडं अडतं ते त्रैक्यापाशी. म्हणूनच एका शब्दात हो-नाही सांगणं अन्यायाचं.