तबकडीचे वारस

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या ज्या सुपीक पट्ट्याला लोक राहू बेट म्हणून ओळखतात, त्या दौंड तालुक्यातील उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या मुलुखात लग्नसराई सुरू झाली, की टेम्पोवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आणि तिच्याआड संगणकाच्या पडद्यापुढे उभा असलेला एखादा तरुण हे दृश्य आता वरातीचे अविभाज्य अंग झाले आहे. गाव त्या तरुणाला डीजे म्हणते, त्याची सुपारी महिनोन्‌महिने आधी ठरवते आणि त्याच्या भिंतीच्या उंचीवरून कार्याची ऐपत मोजते. परंतु या व्यवसायाची वंशावळ शोधू गेल्यास ती संगणकापाशी थांबत नाही. ती ज्या पूर्वजाकडे जाते, तो म्हणजे सायकलीच्या किंवा बैलगाडीच्या आधाराने कर्णा, बॅटरी आणि तबकड्यांची पेटी गावोगाव नेणारा लाउडस्पीकरवाला होय. आणि नव्या पिढीतल्या ज्या थोड्या तरुणांना जुन्या तबकड्या धुंडाळण्याचा नाद लागतो, ते नकळत आपल्याच घराण्याचे दप्तर उघडत असतात, असे माझे मत आहे.

लाउडस्पीकरवाला ही ग्रामीण महाराष्ट्रातील एक संस्थाच होती. शिकागो रेडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटवाने यांच्या कंपनीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या अधिवेशनांतून आणि गांधीजींच्या सभांतून देशाला परिचित झाले, पुढे अहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचले, आणि जे यंत्र सभेतील वक्त्यासाठी आले होते तेच लग्नघरच्या मांडवात, यात्रेत आणि तंबूतल्या टुरिंग टॉकीजच्या दारात गाऊ लागले. कर्णा उंच झाडाला किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधायचा, तारा ओढायच्या, आणि पहाटे अभंग, हळदीच्या वेळी गाणी, पंगतीच्या वेळी सौम्य काही आणि रात्री लावणी असा क्रम मनाशी जुळवून बसायचे, हा त्याचा दिनक्रम असे. दहा इंची जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे, यंत्र चावीचे असले तर दरम्यान चावी द्यावी लागे, आणि पोलादी सुई तर दर बाजूला बदलणेच इष्ट असे. म्हणून त्या माणसाला जागेवरून हलता येत नसे. काय वाजवायचे, कोणत्या क्षणी वाजवायचे आणि कोणाच्या दारात काय वाजवायचे नाही, याचा सतत विवेक करणे हाच त्याचा पेशा होता, आणि त्या विवेकावर अवघ्या पंचक्रोशीच्या कानांचे शिक्षण अवलंबून असे.

ज्या वस्तूवर हा पेशा उभा होता, तिचा इतिहासही आपल्या भूमीशी निगडित आहे. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने नोव्हेंबर महिन्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले; त्या काळी मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथून छापील तबकड्या जहाजाने परत येत. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला, पुढे दमदमला त्याहून मोठा निघाला, आणि तबकडी हा पूर्णपणे देशी जिन्नस झाला. मुळात तिचा कच्चा मालही देशीच होता, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जड, ठिसूळ तबकडीत मुख्य बंधक द्रव्य लाखेचे असे, आणि ती लाख हिंदुस्थानच्या जंगलांतून साऱ्या जगाला जात असे. अमेरिकेत १९४८ साली व्हायनिलची दीर्घ तबकडी आली आणि पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली, तरी आपल्याकडे ७८ ची तबकडी १९६० नंतरही निघत राहिली. इतकी, की येथे छापलेल्या बीटल्सच्या ७८ च्या तबकड्यांच्या मागे आज परदेशचे संग्राहक लागलेले असतात.

या तबकड्यांतून मराठी मुलखाने काय ऐकले, याची यादी केली तर ती आपल्या सांस्कृतिक जीवनाची जमाबंदीच ठरेल. बालगंधर्वांची नाट्यपदे ज्यांनी रंगमंचावर कधी ऐकली नाहीत, त्यांच्या ओट्यावर ती तबकडीने आणली. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेली ‘गीतरामायणा’ची ५६ गीते पुढे सुधीर फडके यांच्या स्वरांत दहा दीर्घ तबकड्यांच्या संचात आली. ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९ चा आणि ‘पिंजरा’ हा १९७२ चा, अशा तमाशापटांच्या लावण्या कर्ण्यातून गावोगाव घुमल्या. आणि ज्या दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रे संगीतबारीसाठी ख्यातकीर्त आहेत, तेथे लावणीची तबकडी पारखणारे कान सर्वत्र होते, यात नवल नाही. शाहिरांचे पोवाडे, कोळीगीते, भीमगीते, आणि १९७५ च्या ‘शोले’चे नुसते संवाद, हे सारे त्याच पेटीत शेजारी शेजारी उभे असे.

१९८० नंतरच्या दशकात कॅसेट आली, ती स्वस्त होती, धक्के सोसणारी होती आणि घरच्या घरी नक्कल करता येणारी होती. तिच्यापुढे तबकडीचा निभाव लागला नाही. पेट्या माळ्यावर गेल्या, मंडपवाल्यांच्या गोदामात कनातींखाली गाडल्या गेल्या, आणि पुष्कळशा भंगाराच्या तागडीत वजनावर गेल्या. मुंबईत काळा घोडा येथील रिदम हाउस, जे शास्त्रीय आणि चित्रपट संगीताच्या दर्दी लोकांचे कित्येक दशके तीर्थस्थान होते, तेही २०१६ साली बंद झाले.

असे असताना संगणकात हजारो गाणी बाळगणाऱ्या तरुण डीजेला तबकडी कशासाठी हवी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच्या कलेच्या मुळाशी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली डीजे कूल हर्क याने एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून, गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवला, आणि त्यातून एक नवे नृत्यसंगीत जन्मास आले. असे तुकडे आपल्या लावणीत आणि वगात विपुल आहेत. गायिकेने आलाप घेण्यापूर्वीची ढोलकीची ती अल्पशी सलामी, दोन कडव्यांमधील हलगी आणि तुणतुण्याचा तो उतार, ही जणू नव्या डीजेसाठीच राखून ठेवलेली ठेव आहे. पण नंतर कॅसेटवर आणि संगणकावर आलेल्या नकलांत ती पुष्कळदा कापलेली, दाबलेली किंवा नव्या वाद्यवृंदाने झाकलेली आढळते. मूळ ढोलकीची थाप जशी पडली तशी ऐकायची, तर मूळ तबकडीच गाठावी लागते. या शोधाचे मोल कोठवर जाऊ शकते, याचे ज्वलंत उदाहरण मुंबईचेच आहे. चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने १९८२ साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीची तेव्हा कोणी दखल घेतली नाही, परंतु पुढे एका डच संग्राहकाला ती भारतातच सापडली, २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली, आणि जगातील रसिकांनी तिला पुढच्या काळातील नृत्यसंगीताची पूर्वसूचना मानले.

राहूच्या तरुणाने शोधास निघावे, तर त्याची वाट यवत किंवा केडगावच्या स्टेशनावरून पुण्यास जाते. तेथे मंगळवार पेठेच्या परिसरात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरत आला आहे, आणि गंजलेली हत्यारे, पितळी भांडी, घड्याळांचे सुटे भाग यांच्या ढिगांत तबकड्यांची एखादी चळत हाती लागते. तेथे भागले नाही, तर मुंबईचा चोर बाजार आणि फोर्टमधील पदपथ आहेत. परंतु शहरात आलेली तबकडी व्यापाऱ्याच्या नजरेखालून गेलेली असते आणि तिचा भाव हिंदी चित्रपटांच्या नावांवर ठरलेला असतो. ग्रामीण मराठी तबकडीचा खरा ठाव तालुक्यातच, म्हणजे बंद पडलेल्या मंडप डेकोरेटरच्या गोदामात, जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आणि वाड्याच्या माळ्यावरच लागण्याचा संभव अधिक.

तबकडी हाती आल्यावर ती कशी पाहावी, हेही शास्त्र आहे. ती दोन्ही तळव्यांनी कडेला धरून, उजेडाकडे तिरपी करून, सावकाश फिरवावी. केसासारखा वरवरचा ओरखडा बहुधा ऐकू येत नाही, पण नखाला लागणारा चरा हमखास खट्‌खट्‌ करतो. पृष्ठभाग चकचकीत असूनही खाचा राखाडी दिसत असतील, तर झिजलेल्या सुईने त्या पोखरल्या आहेत असे समजावे. मधल्या छिद्राभोवती लेबलावर पडलेल्या बारीक रेघा मोजाव्या, कारण अंधारात खुंटी शोधताना झालेल्या त्या खुणा ती किती वेळा लावली गेली याची साक्ष देतात. लेबलाच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा, कारण वेष्टन बदलले तरी तो बदलत नाही. ७८ ची खाच दीर्घ तबकडीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. तिला तिचीच सुई लावावी, अन्यथा सुई तळाशी घसटत राहते आणि लोक कलावंतास दोष देतात. व्हायनिलची तबकडी शुद्ध पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने धुता येते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिटचा बोळा कदापि लावू नये, कारण स्पिरिटात लाख विरघळते, आणि एका पुसण्यात गायिकेचा स्वर कायमचा नाहीसा होतो. पत्र्याच्या छपराखाली दौंडच्या वैशाखात आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, म्हणून त्या नेहमी उभ्या आणि सावलीत ठेवाव्या.

या सर्व खटाटोपाहून एक कर्तव्य मोठे आहे, ते नोंदीचे. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापून ‘रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, आणि तबकडीचा शौक हा क्रमांक, कलावंत आणि काळ यांच्या चिकित्सक नोंदींमुळे विद्येच्या पदवीस पोहोचतो हे दाखवून दिले. तरुण डीजेने हाच धडा घ्यावा. तबकडी कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या पेटीतून मिळाली, तिच्यावर कोणत्या मांडवाचा किंवा साउंड सर्व्हिसचा शिक्का आहे, हे वहीत उतरवले नाही, तर त्याने एक गाणे मिळवले आणि गावाचा एक दस्तऐवज गमावला असे होईल.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे, आणि भिंतींच्या दणदणाटाविषयी गावागावांत तक्रारी आहेत. त्या रास्तच आहेत. आवाजाच्या चढाओढीत या धंद्याला प्रतिष्ठा मिळणार नाही. ती मिळेल निवडीने, आणि निवडीची दीक्षा तबकडीइतकी दुसरे कोणी देत नाही, कारण तीन मिनिटांच्या मर्यादेत तिने माणसाला प्रत्येक गाण्याचा विचार करायला लावले.

म्हणून राहू बेटातील आणि पलीकडे भीमेच्या तीरावरच्या शिरूर तालुक्यातील घराघरांना माझी विनंती आहे. माळ्यावर, कोठीत किंवा मंडपाच्या सामानात तबकड्या असतील, तर त्या भंगारवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी बाहेर काढा, पुसा, लेबलावरील मजकूर कागदावर उतरवून घ्या, आणि त्या कोणी, कोठे वाजवल्या हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहा. मग ती पेटी गावातल्या अशा तरुणाच्या स्वाधीन करा, जो वाजवण्याइतकेच जपणेही आपले काम मानतो.