तीर्थरूपांची लवंग

मैफलीत गाता गाता आमचे तीर्थरूप जिभेखाली काहीतरी ठेवीत. आम्हां शिष्यांना वाटे, लवंग असेल. दरबारचे गवई ते; दुखणे श्रोत्यांना दिसू देणे त्यांना मंजूर नव्हते. छातीत कळ आली की घ्यावयाची ती नायट्रोग्लिसरीनची गोळी होती, हे मला फार उशिरा कळले.

सुरुंगाच्या दारूतले हे द्रव्य हृदयाला आराम कसे देते? त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, असे फेरिड मुराड यांनी १९७७ साली दाखविले. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरही हाच वायू तयार करते, हे १९८६ साली रॉबर्ट फर्चगॉट व लुई इग्नारो यांनी सांगितले. तिघांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या निरोप्याची रीत न्यारी! बहुतेक निरोपे पेशीच्या दाराशीच थांबतात. हा मात्र, मिटल्या दारातून सूर यावा तसा, आवरणातून थेट आत शिरतो. तेथील एका प्रथिनाला चिकटून त्याला जागे करतो. स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. काही सेकंदांत वायू नाहीसा होतो. तो साठविता येत नाही. क्षणोक्षणी नवा करावा लागतो.

तोंड मिटून गुणगुणताना नाकातून येणारा हा वायू १५ पट वाढतो, असे २००२ साली स्वीडनमध्ये आढळले. त्याने हृदयविकार बरा होतो, असे मी म्हणत नाही. पण पहाटे शिष्यांकडून हुंकार भरवून घेताना ती ‘लवंग’ आठवते. वेळीच कळते, तर एखादी मैफल तरी मी थांबविली असती.