टोचल्यावर काखेत अवधाण आले तर?

गव्हाण परिसरातील माता-पित्यांनो,

बाळाला टोचून आणले आणि महिनाभराने डाव्या काखेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, की घरात घबराट होते. आजी म्हणते, "आता पुढची सुई नको गं बाई!" इथेच घोटाळा होतो.

क्षयाची बी.सी.जी. लस बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात. आपल्या देशात ही लस १९४८ पासून दिली जाते. काखेतल्या गाठी म्हणजे हाताच्या वाटेवरच्या चौक्या. लस दंडात गेली, की चौकीतले शिपाई जागे होतात, गर्दी करतात आणि चौकी फुगते. गाठ लहान असून वाढत नसेल तर तिला हात लावू नका, ती बहुधा आपोआप जिरते. शेक नको, लेप नको. बिब्बा तर नकोच नको, बाळाची कातडी भाजते! गाठ वाढली, लाल झाली, मऊ पडली, तर मात्र आरोग्य केंद्रात दाखवा. घरी फोडू नका.

मोठ्यांनाही असे होते. २०२१ साली कोरोनाची लस घेतल्यावर पुष्कळांची काख दुखली आणि काही दिवसांत थांबली. बाळंतिणीची काख दूध साठल्यानेही ठणकते. पण ताई, गाठ दीड महिन्यानेही गेली नाही किंवा स्तनातही गाठ लागली, तर लस घेतली म्हणून असेल असे समजून गप्प बसू नका. लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. दादा, तुम्ही सोबत या.

आणि गाठ आहे म्हणून बाळाची दीड महिन्याची सुई चुकवू नका. त्या दिवशी नर्सबाईंना गाठ दाखवा.